पिवळा रंगवलेला मंडप

कंदिलाची वात जरा खाली करा आणि इकडे सरका. घाबरट असेल त्यानं आत्ताच आत जाऊन झोपावं, मध्येच किंकाळी मारून माझी गोष्ट मोडायची नाही. पद्माकर बेंगळुरूच्या नगरपालिकेत नकाशे काढायचा, माझ्या शेजारच्या टेबलावर. आता सांगतो ते त्यानं मला स्वतः सांगितलंय.

सन अठ्ठावन्न. कार्तिक वद्य पंचमी, रात्रीचे पावणेआठ. अमावास्याबिमावास्या काही नव्हती. पद्माकर बेंगळुरूच्या पेठेत मेहुणीच्या डोहाळजेवणासाठी हिरवी साडी आणायला गेला होता. साडी घेऊन चौकात आला तोच पाऊस कोसळला आणि दिवे गेले.

गाव वसवताना चार दिशांना चार नांगर याच चौकातून निघाले, असं जुनी माणसं सांगत. भोवती लाकडी सज्ज्यांची दुकानं आणि मधोमध दगडी मंडप. चार खांब, वर अखंड शिळांचं छत. बाजाराला आलेला कुणीही घटकाभर तिथे टेकायचा. त्या रात्रीच्या वर्षभर आधी रस्ता रुंद करायचं ठरलं, तेव्हा चौकाचा नकाशा पद्माकरनं काढला. पाडायचं ते पिवळं, नवं बांधायचं ते तांबडं, अशी आमची रीत. मंडप त्यानंच पिवळा रंगवला.

मग गोदूबाईचा अर्ज आला. ही पेठेतल्याच एका पिढीजात मराठी घरातली विधवा. कचेरीत मराठी वाचणारा पद्माकर एकटाच. मला तेव्हा कन्नड आणि इंग्रजीपलीकडे काही येत नव्हतं. साहेबांनी कागद त्याच्यापुढे टाकला, "तुमच्या भाषेतलं दिसतंय, काय म्हणते बघा."

बाईनं लिहिलं होतं, 'माझा मुलगा रघुपती ब्रह्मदेशच्या लढाईवर गेला, तेव्हा परत आल्यावर याच मंडपात भेटेन म्हणाला. रोज दिवेलागणीला मी इथे बसते. मंडप पाडला तर तो मला कुठे शोधील?'

पद्माकरनं दोनदा वाचलं. नकाशा बदलायचा तर महिन्याभराचं काम पुन्हा, आणि बढती तर तोंडावर आलेली. "काही नाही साहेब, घरगुती भांडण आहे," तो म्हणाला. अर्ज खणात गेला.

अठ्ठावन्नच्याच वैशाखात मंडप पाडला, वर डांबर ओतलं. बाई तरीही उघड्यावर येऊन बसायची. आषाढात भिजून तापानं फणफणली आणि त्यातच गेली. पद्माकरला कळलं तेव्हा तो जेवत होता. भरल्या ताटावरून उठला.

तर कार्तिकातल्या त्या रात्री पाऊस आला, आणि तो साडी छातीशी धरून पळत पळत मंडपात शिरला. जुनी सवय. खांबाला पाठ टेकली. दगड गार लागला. वर छतावर पाऊस वाजत होता.

"स्वल्प सरक की अण्णा," अंधारातून एक म्हातारी म्हणाली.

तो सरकला.

आणि मग त्याला आठवलं...

मंडप?

हात मागे गेला. खांब होता.

"अर्ज पोचला की?"

तो खांबाला आणखी चिकटला.

"वाचलास?"

"अक्का... वाचला. मी... मीच लपवला."



"सरी, असू दे. आता जागा सोड. आज येतोय तो."

पद्माकर धावत सुटला. घरी पोचला तो नखशिखान्त भिजलेला. प्रमोदिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दार उघडलं, तर तिचे हात धरून तो लहान पोरासारखा रडायला लागला. "मी मारलं गं तिला," एवढंच रात्रभर म्हणत होता. पाऊसही रात्रभर थांबला नाही.

उजाडताच तो मला उठवून चौकात घेऊन गेला. सगळा रस्ता ओलाचिंब. मधोमध मात्र एक चौकोन कोरडा ठणठणीत, वर बोटभर धूळ. त्यानं टेप लावली. अकरा फूट बाय अकरा फूट. मंडपाचं माप त्याला पाठच होतं.

त्या धुळीत पावलं उमटली होती. पद्माकरच्या चपलांचे ठसे कडेलाच होते, आत येऊन बाहेर गेलेले. दुसरी पावलं खिळ्यांच्या जड फौजी बुटांची होती, पुरुषाची, ओली. कडेपासून मधोमध गेलेली.

त्या बुटांचं बाहेर येणारं पाऊल एकही नव्हतं.