शेजारच्या सीटखालची खडखड

दोघांची पहिली भेट झाली ती एका गाडीवरून भांडताना. गाडी अशी, की तिच्यावरून भांडावं असं शहाण्या माणसाला वाटू नये. छोटा पिकअप, वय वर्षं एकवीस. रंग मुळात निळा होता, असं विकणाऱ्याचं म्हणणं.

"मी घेतेय," ती म्हणाली.

"मीही," शेजारचा माणूस म्हणाला. त्याच्या नखांत ग्रीस होतं.

"चालवायला?"

"छे! चालवायला कोण घेईल ही? सुटे भाग काढायला."

"म्हणजे खाटीक आहात."

"मेकॅनिक. अवयवदान म्हणा हवं तर…"

तिनं बाजूच्या आरशावरून मायेनं हात फिरवला. आरसा हातात आला. तो हसला नाही. अगदी प्रयत्नपूर्वक शेडच्या छताकडे बघत राहिला. त्या न हसण्यावर तिनं सौदा पक्का केला आणि गाडी दोराला बांधून त्याच्याच गॅरेजात नेली.

ती फोटोंना चौकटी करायची. दिवसभर लोकांची लग्नं, बाळं, निरोपसमारंभ काचेमागे बसवायची. वडील गेल्यापासून घरात नेहमी चाळीस-पन्नास माणसं भिंतीला टेकून असायची. सगळी हसरी, आपलं एकही नाही. जेवताना ताटात चमचा वाजला की ती तो हळूच ठेवायची, जणू कुणाची झोप मोडेल.

"गाडी घेतलीस?" मावशी फोनवर म्हणाली. "घेण्यासारखं दुसरं काही सुचलं नाही? गाडी बोलते का तुझ्याशी?"

"बोलते ना. सारखी बोलते."

हे मात्र खरं होतं. तीन आठवडे दोघांनी ब्रेक बदलले, क्लच बदलला, गंज घासला. तिच्या केसांत प्रायमर, त्याच्या चहात पत्र्याची धूळ. आणि गाडी रस्त्यावर आली त्याच दिवशी शेजारच्या सीटखालून आवाज सुरू झाला… खडखड, खडखड.

त्याची पद्धत ठरलेली होती. मालकानं चालवायचं, त्यानं शेजारी डोळे मिटून ऐकायचं. रोज संध्याकाळी साडेसहाला तो यायचा, डोळे मिटायचा, आणि आवाज गप्प!

"आत्ता सकाळी होता," ती म्हणायची.

"असेल."

"'असेल' म्हणजे?"

"म्हणजे उद्या परत बघू…"

एके दिवशी पाऊस आला. एकच वायपर चालत होता, तोही त्याच्या बाजूचा. डोळे उघडणं भाग पडलं.

"डावीकडे सायकल. पुढे खड्डा. आता एक म्हातारे गृहस्थ, छत्रीशी भांडतायत."

"कोण जिंकतंय?"

"छत्री."

ती हसली. काचेवर दोघांच्या श्वासांचं धुकं साचलं. तिनं ते हातानं पुसलं, त्यानं रुमाल पुढे केला. रुमालानं धुकं गेलं आणि काचेवर ग्रीस आलं. त्या दिवशी आवाजाची आठवण दोघांनाही झाली नाही.

बाराव्या संध्याकाळी तो उतरताना म्हणाला, "मॅडम, या गाडीत आवाज नाही. फिरायला यायचं असेल तर तसं सांगा… आवाज कशाला हवा?"

त्याच्या हिशेबी हा विनोद होता. आयुष्यात त्यानं फार थोडे विनोद केले होते. हा तर टाळायलाच हवा होता.

"मी खोटं बोलते?" तिचा चेहरा तापला.

"तसं नाही—"

"पैसे पाठवते. उद्यापासून येऊ नका."

आठ दिवस ती एकटीच फिरली. आवाज होता… नक्की होता का? रिकाम्या घरात राहणाऱ्या माणसाला काहीही ऐकू येतं, हे तिला ठाऊक होतं. वडिलांचं खोकणंही तिला कधीकधी ऐकू यायचं. नवव्या दिवशी एका मोठ्या कुटुंबाचा फोटो पोचवायला निघाली. वाटेत सीटमागे खळ्ळकन् झालं. काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. आजोबा एकीकडे, नातवंडं दुसरीकडे.

ती सरळ गॅरेजात गेली. चौकट त्याच्या टेबलावर ठेवली. "हा आवाज."

त्यानं किल्ली घेतली आणि पहिल्यांदाच ती गाडी एकट्यानं चालवत निघून गेला.

पंधरा मिनिटांनी परतला तेव्हा परीक्षेत नापास झाल्यासारखा दिसत होता.

"आवाज आहे."

ती स्टुलावर बसली. इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं; तिनं ते पॉलिशपेपरच्या धुळीवर ढकललं.

"केबिनखालचं रबर झिजलंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "शेजारी वजन असलं की दबून बसतं. म्हणून मी असताना… म्हणजे, तुम्ही एकट्या असता तेव्हाच वाजतं. माझं चुकलं. मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

"किती वेळाचं काम?"

"चाळीस मिनिटं." तो घुटमळला. "किंवा… रबर तसंच ठेवायचं, आणि कुणीतरी शेजारी बसायचं. रोज. माझं वजन बहात्तर किलो आहे. पुरेसं आहे, तपासून झालंय."

तिनं तडा गेलेल्या काचेकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

"रबर बदला," ती म्हणाली.

"हं." त्यानं पाना उचलला. मान खाली.

"काचा फुटतात माझ्या. आणि कुणी नुसतं वजन म्हणून शेजारी बसावं, हे मला चालायचं नाही." तिनं चौकट उचलली. "उद्या साडेसहाला या. आवाज नसेल, काम नसेल. तरी यायचं असेल तर…"

तो गाडीखाली सरकला होता. खालून पाना पडल्याचा आवाज आला. मग फक्त दोन पाय दिसत असलेल्या माणसानं विचारलं, "उद्या गॅरेजला सुट्टी आहे. चारला आलो तर?"