गेटवरची दहा नावं

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं, तेव्हा कुठे कस्तुरानं मान वर केली. कासारवाडीतल्या तिच्या खोलीत सुमनताई आणि बबनराव चहासाठी बसले होते.

"संध्याकाळपर्यंत राजीनामा द्या म्हणतात, सुमनताई." तिनं स्टोव्ह बारीक केला. "यंदा कायम होणाऱ्या कामगारांची यादी कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये होती. फाइल उघडायची परवानगी दोघांनाच, आमच्या मॅनेजर उद्धवराव साहेबांना आणि त्यांची कारकून म्हणून मला. अजून जाहीरसुद्धा नाही, आणि काल सोमवारी तिचा छापील कागद गेटवर! वरची दहा नावं, खालचा भाग फाडलेला."

"मग तिसरं कोण उघडणार?" बबनराव म्हणाले. निवृत्त हवालदार, सुमनताईंच्या तपासात नेहमी सोबत.

"कागदावर वेळ होती?" सुमनताईंनी विचारलं.

"सकाळी आठ चाळीस. छापताना मशीनच वेळ टाकतं."

कंपनीत उद्धवराव ठाम होते. "जाहीर होईपर्यंत कुणीच उघडू नये म्हणून शनिवारीच मी परवानगीतली दोन्ही नावं खोडली. माझंसुद्धा. तरी उघडली, म्हणजे बाईंना काहीतरी युक्ती ठाऊक आहे."

प्रोग्रॅमर भैरू म्हणाला, "फाइल कुणाला उघडू द्यायची, ही तपासणी प्रत्येक फाइलसाठी वेगळी कशाला लिहायची, ताई? लायब्ररीत, म्हणजे सामायिक कोडमध्ये, एकच लिहून ठेवलीय, सगळे प्रोग्रॅम तीच वापरतात. परवानगीत नाव असलं की फाइल उघडते."

"आणि त्याच कॉम्प्युटरमधला कॅन्टीनचा मेनू?" सुमनताईंनी विचारलं.

"त्याला नावंच नाहीत. कुणीही बघावा."

तो मेनू रोज सकाळी साडेआठनंतर गोदामातला भिवा छापायचा. कस्तुराच्या शेजारच्याच खोलीत राहायचा.

"काय भिवाभाऊ, यंदा झालात का कायम?" बबनरावांनी सहज विचारलं.

"व्हय की. बाराव्या नंबरला हाय."

चार वाजता सुमनताईंनी सगळ्यांना उद्धवरावांच्या खोलीत बसवलं.

"भैरू, परवानगीत एकही नाव उरलं नाही, तर तुमची तपासणी काय करते?"

भैरू म्हणाला, "मेनूसारखंच... सगळ्यांना मोकळं."

"साहेब, तुम्ही कुलूप लावलं नाहीत, काढून नेलंत. सोमवारी ती फाइल कुणालाही उघडत होती. उघडली कुणी? गेटवर नावं दहाच, पण भिवाला आपला बारावा नंबर ठाऊक. आपलं नाव दिसून संशय येऊ नये म्हणूनच खालचा भाग फाडला."

भिवानं खाली बघितलं. "मेनू काढताना दिसली, उघडून बघितली. गेल्या साली ऐन वेळी नावं बदलली व्हती, बाई. समद्यांनी वाचल्यावर बदलायची न्हाईत, म्हणून लावली. कस्तुरावहिनींवर आळ येईल असं न्हाई वाटलं."

उद्धवरावांनी कस्तुराच्या राजीनाम्याचा कोरा अर्ज कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि भिवाला थांबायला सांगितलं.

घरी कस्तुरानं लेकीची, मंजुळाची, वेणी घालता घालता सगळं सांगितलं.

"आई, मग आता भिवाकाकांना काढणार?"

कस्तुराचा हात वेणीतच थांबला.