नऊ घासांचा वेळ

शनिवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर चेरिन दादाच्या खोलीत गेली ती फोटो शोधायला. निदान आईला तरी तिने तसंच सांगितलं होतं. तिचा थोरला भाऊ मुग्योम हेडसेट डोळ्यांवर चढवून ज्या खेळात तासन्‌तास हरवलेला असायचा, त्या खेळाच्या कंपनीचं पत्र आलं होतं. वर्षभर कुणी न उघडलेली खाती रविवारी कायमची पुसली जाणार होती. त्यात त्याचे काही फोटो असले तर बघ गं, असं आई म्हणाली. तिथे फोटो बिटो काही नसणार हे चेरिनला ठाऊक होतं. तरी ती हो म्हणाली आणि खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं.

मुग्योमला जाऊन चांद्र पंचांगाप्रमाणे त्या दिवशी बरोबर एक वर्ष होत होतं. पुलावरच्या बर्फावरून त्याची मोटारसायकल घसरली तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, आणि बिनलग्नाचा. अडचण होती ती इथेच. गेलेल्या माणसाचं ताट मांडायचं ते त्याच्या मुलाबाळांनी. मुलंबाळं नसतील तर त्याचं ताट कुठेच मांडलं जात नाही. बाबांनी आठवड्यापूर्वीच हा विषय मिटवून टाकला होता.

"बिनलग्नाच्या पोराचं श्राद्ध नसतं," ते म्हणाले होते. "आणि बापाने लेकापुढे वाकायचं नसतं."

आई पुसलेली शेगडी पुन्हा पुन्हा पुसत राहिली होती.

चेरिनच्या मनाला मात्र ते लागून राहिलं. वर्षाच्या दिवशी दादा उपाशी राहणार, ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती. शिवाय तिची स्वतःची एक टोचणी होती. त्या खेळात दादाने घर बांधलं होतं आणि बहिणीने एकदा तरी ते बघावं म्हणून तो वर्षभर तिच्या मागे लागला होता.

"ये ना गं एकदा जेवायला. तुझ्या नावाचा वाडगा करून ठेवलाय."

"त्या खोट्या घरात येऊन खोटा भात खाऊ? आधी खऱ्या घरातली भांडी घास."

असं म्हणून ती हसली होती. मग पुढच्या आठवड्यात येईन म्हणाली, आणि तो पुढचा आठवडा कधी आलाच नाही. आता तिने मनाशी ठरवलं होतं, की आपल्या घरात ताट मांडता येत नसेल तर त्याच्या घरी जाऊन मांडायचं.

पासवर्ड आईची जन्मतारीख होता. हेडसेट चढवताच खिडकीबाहेरचं गुन्सान बंदर आणि सीगलचं ओरडणं मागे पडलं, आणि हळूहळू एक खोली उजळली. लाकडी भिंती, कोपऱ्यात मातीची चूल, बाहेर पडणारा बर्फ. खेळाचा मुलूख म्हणे महिनाभर चाललं तरी संपायचा नाही. त्यात ड्रॅगन होते, राजवाडे होते, बुडालेली शहरं होती. आणि आमच्या पठ्ठ्याने काय केलं, तर एका खिंडीत एका खोलीचं घर बांधलं आणि लोणच्याचे रांजण भरून ठेवले. चेरिनला हसू आलं. तिने हात वर केले, तर समोर दादाचे हात आले, रुंद, लाकूडतोड्याचे हातमोजे घातलेले. तिचं हसू तिथेच थांबलं.

बैठं मेज मांडलेलंच होतं. त्यावर समोरासमोर दोन वाडगे, मातीचे, अगदी सारखे. एक दाराजवळच्या जागेसमोर, दुसरा चुलीलगतच्या उबदार जागेसमोर. वर्षभर ते तसेच वाट बघत होते.

कामाला लागल्यावर तिला बरं वाटलं. कोठीत तांदूळ होता, नासपती होत्या, सुकवलेले मासे होते, दारूचा बुधला होता. दादाच्या हातांनी तिने भात शिजवला. वाफ वर आली आणि तिला ताज्या भाताचा वास आला. हेडसेटमधून वास येत नसतो. आईने स्वयंपाकघरात कुकर लावला असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

वाढायचं कोणत्या वाडग्यात, हा प्रश्नसुद्धा तिला पडला नाही. उबेची जागा घरातल्या वडीलधाऱ्याची, त्याच्यानंतर थोरल्या मुलाची. पोरीबाळींनी दाराजवळ बसायचं, थंडी खायची आणि उठून उठून पाणी द्यायचं. लहानपणापासून ती दाराशीच बसत आली होती. तिने चुलीलगतच्या वाडग्यात भात वाढला आणि मधोमध चमचा उभा रोवला. तसा चमचा फक्त गेलेल्या माणसासाठी रोवतात. जिवंत माणसाच्या भातात कुणी चुकूनही रोवत नाही. लहानपणी तिने एकदा गंमत म्हणून रोवला होता, तेव्हा आजीने हातावर फाटकन मारलं होतं.

तिने दारू ओतली, दोनदा जमिनीला कपाळ टेकलं आणि रिवाजाप्रमाणे बाहेर येऊन दार लावलं. जेवणाऱ्याला नऊ घास खाण्याइतका वेळ एकट्याला द्यायचा असतो. तोवर आत डोकवायचं नसतं. मग तीनदा खाकरायचं, म्हणजे आपण येतोय हे त्याला कळतं, आणि मगच दार उघडायचं.

खिंडीत वारा नव्हता. बर्फ आवाज न करता पडत होता. तिच्या पायाखाली दादाच्या खोलीची खालून तापवलेली फरशी होती, तरी पोटऱ्या गारठायला लागल्या. "दादा, पोटभर जेव," ती पुटपुटली. "उशीर झाला… रागावू नकोस."

आणि आत चमचा वाजला.

खेळात असे आवाज भरलेले असतील, तिने मनाला समजावलं. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. सावकाश, चवीने खाणाऱ्या माणसासारखा. तिचे डोळे भरून आले. भीती वाटत होती, पण त्याहून आनंद मोठा होता. पाचव्या घासाला तिच्या लक्षात आलं की आवाज मातीच्या भांड्याचा नाही, तो पितळेचा आहे. घरात आई सणावारी काढते त्या वाडग्यांचा.

सात… आठ… नऊ. मग सगळं शांत झालं.

ती हळूच तीनदा खाकरली आणि तिने दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. भात संपला होता, चमचा आडवा ठेवलेला होता. वाडगा अगदी चाटूनपुसून साफ होता. हौसेने तिने तो उचलून उलटा केला. बुडाशी दादाने कोरलेली अक्षरं होती, त्याच्यासारखीच डावीकडे कललेली.

चेरिन.

तिने दाराजवळचा वाडगा उचलला. त्यात भाताचं एक शीतही नव्हतं. त्याच्या बुडाशी लिहिलं होतं, मुग्योम. येडा कुठला… उबेची जागा त्याने बहिणीसाठी ठेवली होती, आणि स्वतः दाराशी बसणार होता.

मग तिला कळलं आपण काय करून बसलो ते. गेलेल्या माणसाचा चमचा तिने स्वतःच्याच नावाच्या वाडग्यात रोवला होता. तिने हेडसेट ओरबाडून काढला. खिडकीत दुपारचं स्वच्छ ऊन होतं. तेवढ्यात खोलीच्या दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. एकदा… दुसऱ्यांदा… तिसऱ्यांदा.

दार उघडलं. बाबा उभे होते. त्यांची नजर तिच्या रिकाम्या हातांवर गेली, मग खोलीच्या कोपऱ्यांतून फिरली.

"बाबा… तुम्ही का खाकरलात?"

"आत कुणी जेवत असलं तर एकदम दार ढकलू नये."

"मी जेवत नव्हते."

"पितळेवर चमचा वाजत होता," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हात चौकटीवर घट्ट धरलेला होता. "नऊ वेळा."

तिने त्यांना सगळं सांगितलं, अगदी वाडग्याच्या बुडापर्यंत. उद्या हे पुसलं जाणार ना, एवढंच बाबांनी विचारलं. ती हो म्हणाली. मग बाबांनी तिला खोलीबाहेर घेतलं आणि दार लावलं. कडी नीट बसली की नाही, हे त्यांनी दोनदा ओढून पाहिलं.

संध्याकाळी सहाला आईने जेवायला हाक मारली. मेजावर पितळी वाडगे होते, झाकणासकट. श्राद्ध नाही तर नाही, निदान आज चांगली भांडी तरी काढू, असं ती म्हणाली आणि तिने नाक पुसलं. आज घरात कुणीच तिला अडवलं नाही. चेरिन नेहमीप्रमाणे दाराच्या बाजूला बसली आणि तिने झाकण उचललं.

भात गरम होता, आईच्या हाताने गोल थापलेला. त्याच्या बरोबर मधोमध चमच्याच्या रुंदीची एक उभी खाच होती, खोल, तळापर्यंत गेलेली.

"अगं बाई," आई म्हणाली, "मी तर आत्ता वाढला…"

बाबांनी पाहिलं. त्यांनी आपला वाडगा चेरिनपुढे सरकवला आणि तिचा स्वतःकडे ओढला. ती नको म्हणत होती, तिने त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांनी तो हळूच सोडवला.

"लहान माणसाने वाद घालू नये," ते म्हणाले. "जेव."

आणि ते खाऊ लागले. सावकाश, मान खाली घालून. लेकापुढे वाकणार नाही म्हणणारे बाबा त्या वाडग्यावर पार वाकले होते. चेरिन त्यांचे चमचे मोजत होती, आणि आईसुद्धा मोजतेय हे तिला आईच्या ओठांवरून दिसत होतं.

नववा घास घेऊन बाबांनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काही फरक नव्हता. चेरिनचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात दादाच्या बंद खोलीतून कुणीतरी खाकरलं. एकदा… दुसऱ्यांदा… तिसऱ्यांदा.

मग आई पदराशी चाळा करावा तशी एप्रनला हात पुसत उठली. वर्षभरात पहिल्यांदाच तिचा चेहरा निवळला होता.

"आले हं," ती दाराकडे बघून म्हणाली.