सेकंड क्लॅरिनेटचा कागद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

भुताटकीला रात्र लागते म्हणतात. इथे रात्र नव्हती.

शनिवार होता. दुपारचे अडीच वाजले होते. मी आमच्या घरी जेवणाच्या टेबलापाशी बसून कागद मोजत होतो.

सतरा भरले.

अठरा हवे होते.

आता थोडं मागे जातो, म्हणजे नीट कळेल.

आमचा एक हौशी बँड आहे. खुर्च्यांवर बसून, समोर नोटेशन ठेवून वाजवणारा. एकेकाळी पन्नास जण होते, त्या वर्षी वीस उरले होते. मी पूर्वी ट्रम्पेट वाजवायचो. पुढचे दोन दात पडले आणि ट्रम्पेट सुटलं. तेव्हापासून नोटेशनचं कपाट माझ्याकडे आलं आणि सगळे मला कागदवाले म्हणू लागले. कार्यक्रमासाठी धून आधी मी शोधायची, मग बँडमास्तर हो किंवा नाही म्हणणार. नोकरीही छापखान्यातली. म्हणजे आयुष्य कागदातच गेलं म्हणा ना.

माझी एकुलती एक मुलगी याच बँडमध्ये सेकंड क्लॅरिनेट वाजवते. घरी आम्ही तिला चिमणी म्हणतो. तेव्हा तेवीस वर्षांची होती.

धून निवडणं म्हणजे नुसतं काय छान वाटतं ते बघणं नव्हे. प्रत्येक वादकाचा कागद वेगळा असतो, त्याला आम्ही पार्ट म्हणतो. मास्तरांसमोर जाड वही असते, स्कोअर. त्यात सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात. वीस जणांना पुरेल अशी धून हवी. त्या वर्षी एकही पुरत नव्हती. एकीला चार हॉर्न लागायचे, आमच्याकडे दोन. दुसरीत ओबोचा मोठा तुकडा, आणि आमच्याकडे ओबो वाजवणारं कुणीच नाही. कार्यक्रम पाच आठवड्यांवर आला होता. मास्तर रोज डोकं खात होते.

आणि मग मला कपाटाच्या तळाशी तो लिफाफा सापडला.

वर धुनेचं नाव नाही. लिहिणाऱ्याचं नाव नाही. मी सवयीने खाली छापखान्याचं नाव शोधलं... तेही नाही.

पण आत बघितलं आणि जीव भांड्यात पडला. तीन क्लॅरिनेट. दोन हॉर्न. एक ट्यूबा. आमच्याकडे बघूनच कुणी लिहिल्यासारखं. फक्त सेकंड फ्लूटचा पार्ट नव्हता.

एकोणीस पार्ट. माणसं वीस.

सेकंड फ्लूट वाजवायच्या त्या आमच्या नर्सबाई. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, स्वभावाने हसऱ्या. म्हणाल्या, "मी शेजारणीच्या कागदात बघून वाजवेन. त्यात काय एवढं?"

रविवारी सकाळी तालीम झाली. धून फार सुंदर होती, खोटं कशाला बोलू. मी दाराजवळ बसून ऐकत होतो.

नर्सबाईंची बोटं हलत होती. ओठ फ्लूटवर होते. गाल आत जात होते, बाहेर येत होते...

आवाज येत नव्हता.

मला वाटलं, माझेच कान गेले. वय झालं.

गुरुवारी दुपारी जेवून नर्सबाई आडव्या झाल्या. चारच्या चहाला त्यांची सून उठवायला गेली तर अंग गार होतं.

आता माणसं एकोणीस होती. पार्टही एकोणीस.

हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. सगळे रडत होते, मीही रडत होतो. पुढच्या तालमीला त्यांची खुर्ची रिकामी ठेवली.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी आमचा इलेक्ट्रिशियन हाक मारू लागला. तो सेकंड हॉर्न वाजवायचा.

"कागदवाले, माझा पार्ट कुठे ठेवलात?"

"गेल्या रविवारी तुझ्याच हातात होता की."

"होता. पण मी तुम्हाला परत दिला."

खरं होतं. मी स्वतः तो लिफाफ्यात घातला होता. सगळं उलटंपालटं केलं. नाही मिळाला. तो हसला आणि शेजारच्याच्या स्टँडकडे खुर्ची सरकवून बसला. तालीम सुरू झाली.

मी त्याच्याकडेच बघत होतो. गाल फुगले होते. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

हॉर्न एकाचाच ऐकू येत होता...

मंगळवारी तो शिडीवरून पडला. शिडी फार उंच नव्हती. सहा पायऱ्यांची होती.

त्या संध्याकाळी मी स्कोअर उघडला. पहिल्या हॉर्नच्या खाली थेट ट्रॉम्बोनची ओळ. मधली ओळ नव्हतीच. खोडलेली असती, खरवडलेली असती, तर मला कळलं असतं. तीस वर्षं मी हेच काम करतोय. भिंग लावून बघितलं. कागद अगदी गुळगुळीत होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे गेलो. म्हटलं, "धून बदलू या."

"कार्यक्रम नऊ दिवसांवर आलाय."

"मास्तर, ज्याचा पार्ट जातो तो माणूस जातो."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दोन माणसं गेली, तुम्हाला लागलंय ते. मलाही लागलंय. पण असं काही मनात आणू नका. घरी जा, झोपा जरा."

मी घरी गेलो, पण लिफाफा घेऊन गेलो. छापखान्यात सगळ्या पार्टांच्या प्रती काढून ठेवल्या. रोज मोजायचो. सकाळी अठरा. कामावरून आलो की अठरा.

आणि त्या शनिवारी सतरा.

कुठला नाही ते बघायला मी घाबरत होतो. एकेक कागद टेबलावर मांडत गेलो. फ्लूट. ओबोच्या जागी काही नाही, ते ठीक. फर्स्ट क्लॅरिनेट.

थर्ड क्लॅरिनेट.

मी काढून ठेवलेल्या प्रती बघितल्या. सेकंड क्लॅरिनेटची प्रत होती... कोरी. स्कोअर उघडला. फर्स्टच्या खाली थर्ड.

खुर्चीखाली शोधलं, फ्रिजखाली शोधलं, कचऱ्याचा डबा जमिनीवर पालथा केला. मला माहीत होतं तिथे काही मिळणार नाही. तरी शोधत होतो.

चिमणी आतल्या खोलीतून आली. "बाबा, काय चाललंय? घामाने भिजलायस तू."

"तुझा पार्ट. तुला पाठ आहे का?"

"बराचसा. का?"

"वाजव. मी लिहून घेतो."

"आत्ता? मला मैत्रिणीकडे जायचंय."

"तू आज कुठेही जाणार नाहीस." मी आयुष्यात तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. ती आत जाऊन क्लॅरिनेट घेऊन आली.

ती वाजवत होती, मी पेन्सिलने लिहीत होतो. चार सूर, थांब. पुढचे चार, थांब. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर ती अडखळायला लागली.

"पुढचं आठवत नाहीये, बाबा. काल तर येत होतं."

"आठव."

"नाही ना आठवत."

"चिमणे, तुझ्या पाया पडतो. आठव."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पुन्हा क्लॅरिनेट तोंडाला लावलं. बोटं हलली...

नुसती हवा आली.

तिने माउथपीस तपासलं, त्यावरचं रीड, ती बोरूची पातळ पट्टी, बदललं. पुन्हा फुंकलं. पुन्हा हवाच. तिचे डोळे भरून आले. "बाबा, हे असं का होतंय?"

शेवटच्या बारा ओळी मी स्वतःच्या मनाने लिहिल्या. बरोबर की चूक, देव जाणे. वर ठळक अक्षरात लिहिलं, सेकंड क्लॅरिनेट. तो कागद संचात घातला आणि तिला म्हटलं, "आता वाजव."

सूर आला.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पंचा दाबून रडलो. पाच वाजले होते.

रविवारी सकाळी तालमीच्या खोलीत मी सगळ्यांच्या आधी पोचलो. संच मोजला. अठरा असायला हवे होते.

सतरा.

चिमणीचा कागद होता. मी तो तीनदा हातात घेऊन बघितला. गायब होता तो ट्यूबाचा.

ट्यूबा, तो खर्जातले सूर देणारा मोठा भोंगा, वाजवायचे ते आमचे काका. सख्खे नव्हेत, पण माझे वडील गेल्यावर माझ्या लग्नाची बोलणी त्यांनीच केली होती. ते आले, ट्यूबा मांडीवर घेतला, स्टँडकडे बघितलं.

"काय रे, आज माझी पाळी का?"

ते सहज बोलले. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"सापडत नाहीये, काका."

"मग लिहून दे ना. सोपा तर आहे. चारच सूर, तेच तेच. मी सांगतो, तू लिही."

माझ्या पिशवीत कोरे कागद होते. पेन्सिल खिशात होती.

समोर चिमणी बसली होती. रीड ओलं करत होती. माझ्याकडे बघून हसली.

काल एक कागद मी भरला आणि आज दुसरा गेला. हा भरला तर कुठला जाईल? ते मला माहीत नव्हतं. अठरा कागद, अठरा शक्यता होत्या. मी त्यातली एकच धरून बसलो होतो.

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला पाठ आहे ना? तसंच वाजवा."

"बरं," ते म्हणाले.

तालीम सुरू झाली. वरचे सगळे सूर होते. खाली काहीच नव्हतं. काकांनी मध्येच थांबून ट्यूबाच्या तोंडात डोकावून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली.

सोमवारी संध्याकाळी ते फिरायला निघाले होते. बुटाची नाडी बांधायला वाकले ते उठलेच नाहीत.

कार्यक्रम झाला. सतरा जण होते, सतरा पार्ट होते. कुठे काही कमी वाटलं नाही. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. त्यानंतर एकही कागद गेला नाही. का, ते मला आजही ठाऊक नाही.

लिफाफा मी जाळला नाही. जाळायची हिंमत होत नाही, त्यात चिमणीचा कागद आहे.

महिन्याने काकूंनी बोलावलं. काकांचा फोटो भिंतीवर लावला होता. म्हणाल्या, "शेवटची जी धून बसवत होते ना, त्यांचा तो कागद मला देशील का? फोटोखाली ठेवीन म्हणते."

मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार?

घरी येऊन टेबलापाशी बसलो. काका म्हणाले होते तसंच होतं. चारच सूर, तेच तेच. मला सगळे आठवत होते.

लिहायला दहा मिनिटं लागली.

काकूंनी कागद दोन्ही हातांत धरून नीट बघितला. म्हणाल्या, "अक्षर तुझं दिसतंय. त्यांच्यासाठी हातानं लिहून दिला होतास होय रे?"