रिकाम्या खुर्चीला नाव

आमच्या स्टुडिओत एक नियम होता. आणि तो का आहे हे विचारायचं नाही, हा दुसरा नियम.

गिऱ्हाइकाला बसवण्याआधी काका रिकाम्या खुर्चीचा एक फोटो काढतात, प्रकाश नीट पडतोय का ते बघायला. प्रत्येक फोल्डरमधली पहिली फाइल तीच. बाकी फोटोंना गिऱ्हाइकाचं नाव द्यायचं, खुर्चीच्या फोटोला मात्र कधीच नाही. त्याला नुसता आकडा. लहानपणी मी का म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, "शिंगं फुटली का?" बाबांनी नेहमीप्रमाणे मान डोलावली. काकांच्या शब्दाबाहेर ते जात नाहीत.

आता ऐक, आणि मध्ये हसू नकोस.

त्या दुपारी दोघं बाहेरच्या शूटिंगला गेले होते. आतल्या खोलीत, कॉम्प्युटरपाशी, मी एकटी. काम साधंच होतं. वर्षानुवर्षांचे फोल्डर, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव, पण आत फायलींना वाट्टेल तशी नावं, आणि काका एका बोटाने टाइप करत एकेक बदलणार. जन्म गेला असता. मी कमांड लाइनची काळी खिडकी उघडली आणि एकच आज्ञा लिहिली: प्रत्येक फोल्डरमध्ये शिर, प्रत्येक फाइलला त्या फोल्डरचं नाव दे, पुढे क्रमांक लाव. खुर्चीचा फोटो वगळायला दोन-चार अक्षरं जास्त लागली असती. ती मी लिहिली नाहीत. मुद्दाम.

आधी तालीम घेतली. म्हणजे काही बदलायचं नाही, कशाचं काय होईल तेवढं स्क्रीनवर दाखवायचं. सगळं चोख होतं. मग एंटर दाबलं.

ओळी सरसर वर पळायला लागल्या. हजारो फोटो शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे राहत होते! खुर्चीत मी अक्षरशः उड्या मारत होते. मग नजर अडखळली. प्रत्येक फोल्डरची पहिली ओळ वेगळी होती. तिथे फोल्डरचं नाव नव्हतंच. तिथे होतं, चिंगी.

वर चिंगी. खाली चिंगी. शेवटपर्यंत चिंगी.

या नावाचं आमच्या ओळखीत कोणी नाही. मी आज्ञा अक्षर न् अक्षर तपासली, तो शब्द कुठेच नव्हता. त्या फायलींना जुने आकडे परत दिले. पापणी लवायच्या आत पुन्हा चिंगी.

भ्यायला हवं होतं ना? अंगावर काटा आला होता, पण खरं सांगू, मला आनंद झाला होता. कोणीतरी मला उत्तर देत होतं!

मी फोटो उघडले, जुन्याकडून नव्याकडे. सर्वांत जुन्यात खुर्ची रिकामी. पुढच्या एकात तिच्या दांडीवर बोटं... मग कोपर. मग खांदा, त्यावर वेणी. हे फोटो मी शंभरदा पाहिले होते गं, त्यात कोणी नव्हतं. खोलीत आंबूस, औषधी वास यायला लागला. पूर्वी फोटो धुवायचे त्या पाण्याचा. आमची डार्करूम बंद होऊन जमाना झाला.

शेवटचा फोटो काकांनी त्याच सकाळी काढलेला. खुर्चीत माझ्या वयाची मुलगी. अगदी आमच्या घराण्याचं नाक. ती भिंगाकडे बघत नव्हती. कॅमेऱ्यामागे जो उभा होता, त्याच्याकडे बघत होती.

दार उघडलं. बाबांना घेऊन काका आत आले. "झाली का साफसफाई, कॉम्प्युटरवाल्या बाई?"

मी स्क्रीन काकांकडे वळवली. "ही चिंगी कोण?"

बाबा स्क्रीनकडे वाकले. "दादा... हे नाव हिला कोणी..."

"तू गप्प बस," काका बाबांवर ओरडले, मग मला म्हणाले, "काढ ते आधी!"

"कोण आहे, काका?"

"कोणी नाही."

"आमची बहीण," बाबा फरशीकडे बघत म्हणाले. "तुझी आत्या. उजेड बघायला आजोबा तिलाच खुर्चीत बसवायचे. एक दिवस म्हणाली, आता मी बसणार नाही, कॅमेरा मी धरणार. आजोबांनी डार्करूममध्ये कोंडलं तिला. बाहेरून कडी. सकाळी उघडलं तर... आत कोणी नव्हतं."

"पळून गेली," काका म्हणाले.

"त्या खोलीला खिडकी नव्हती, दादा."

"पळून गेली म्हणतो ना! लोकांना तेच सांगितलंय. तिचे सगळे फोटो जाळले, तिचं नाव टाकलं, त्या खुर्चीच्या फोटोलाही नाव द्यायचं बंद केलं." मग ते माझ्याकडे वळले. आवाज एकदम मऊ. "बाळा, एका ओळीत नावं देतेस, तसं एका ओळीत पुसताही येतं ना? पुसून टाक सगळ्या. कॉपीसुद्धा ठेवू नकोस."

येतं. ती ओळ तर आणखी छोटी असते. एंटर दाबलं की आत्या दुसऱ्यांदा नाहीशी, आणि या खेपेला कायमची.

मी कीबोर्डवरून हात उचलले. "नाही पुसणार."

"मोठ्यांच्या शब्दाला काही..."

"तिने दार ठोठावलं असेल, काका. रात्रभर. तुम्ही दोघं कडीच्या या बाजूला होतात. का नाही उघडलंत?"

बाबांनी मान वर केलीच नाही.

तेवढ्यात एक बारीक शीळ चढत गेली. फोटो काढण्याआधी आमचा मोठा फ्लॅश चार्ज होताना येते, तशी. मी खाली पाहिलं. त्याच्या वायरीचा प्लग माझ्या पायाशी, फरशीवर सुटा पडला होता. या वेळी कॅमेरा कोण धरणार होतं, ते मला विचारावं लागलं नाही.