छंद : साप पकडणे

चंदरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या लॅपटॉपमधून मुंग्या बाहेर येत होत्या.

दोन हजार सातचा फेब्रुवारी होता. महात्मा गांधी रोडला मी झेरॉक्स मशीनचा टोनर घ्यायला गेले होते. समोरून वरात आली. घोडा बिथरला होता, नवरदेव त्याच्या मानेला मिठी मारून बसला होता आणि बँडवाले तरीही वाजवत होते. मी जीव वाचवायला दिसेल त्या जिन्यात शिरले. वर पाटी होती, ‘लॅपटॉप दुरुस्ती’. पाठीवरच्या सॅकमध्ये माझा लॅपटॉप होता आणि तो आठवडाभर मधेच मान टाकत होता. म्हटलं, आलोच आहोत तर दाखवून घ्यावा.

टेबलामागच्या मुलाने एंटरचं बटण दाबलं. त्याखालून एक मुंगी आली. मग दुसरी. मग सगळ्या, प्रभातफेरीसारख्या रांगेत. त्याने मुंग्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“यावर काय खाता?”

“माझा नाहीये. मैत्रिणीचा आहे.”

“मैत्रीण काय खाते?”

“...गुळाची पोळी.”

“तूप लावून?”

मी मान हलवली.

“मग मुंग्यांची काही चूक नाही,” तो म्हणाला आणि त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला.

पावतीसाठी त्याने नाव विचारलं. मी “रोशनी” म्हणाले. लॅपटॉपच्या झाकणावर नेलपॉलिशने ‘रोशनी’ असं ठळक लिहिलेलं होतं. त्याने ते वाचलं आणि पावती फाडून माझ्या हातात दिली. त्याच्यासमोर लाज वाटण्याची ती पहिली वेळ. पुढे सवय झाली.

माझा धंदा सांगते. पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात माझं एक टेबल होतं. तिथे मी लग्नाचे बायोडाटा टाइप करायचे. वर गणपती, मग जन्मवेळ, उंची, वर्ण, छंद, मामांची नावं, अपेक्षा. माझ्या हातून सगळा जिल्हा निमगोरा झालेला आहे. त्यामुळे लॅपटॉप बंद म्हणजे पोट बंद. बघणारा प्रत्येक जण सांगायचा, अगं, हा खटारा फेक, नवा घे. चंदर एकटाच म्हणायचा, दुरुस्त होईल.

पंखा गेला, दुरुस्त झाला. बिजागरी तुटली, दुरुस्त झाली. कीबोर्डचा ‘क’ गेला... ‘क’शिवाय ‘कन्या’ कशी लिहायची? तोही आला.

“नवाच घेऊ का हो?” मी दर वेळी विचारायचे.

“बघा तुमच्या मैत्रिणीला विचारून. पण हा स्वभावाने चांगला आहे.”

“मैत्रीण विचारत होती, आता परत कधी बिघडेल?”

“तीन आठवड्यांनी.”

“एवढं नक्की कसं सांगता?”

“एक स्क्रू सैल ठेवलाय.”

मी हसले. तो हसला नाही, पण त्याचे कान लाल झाले. त्याचं हे एक बरं होतं. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, सगळं कानांवर यायचं. मी घरी जाऊन तीन आठवडे त्या कानांचा विचार केला.

जूनमध्ये माझ्या टेबलासमोर एक बाई येऊन बसल्या. घोटीहून आल्या होत्या. नाव कुसाबाई. पदराच्या गाठीतून त्यांनी फोटो काढला. मागे स्टुडिओतला रंगवलेला धबधबा, पुढे चंदर, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर.

“माझ्या पोराचा कागद करायचाय, पोरी. लगीन करायचं त्याचं यंदा.”

मी टाइप करू लागले. नाव. उंची. वर्ण निमगोरा. मोबाइल नंबर दुकानाचा, म्हणजे त्याचाच. मग आला छंदाचा रकाना.

“छंद काय लिहू?”

“त्याला कसला बी नाद नाय.”

रिकामा रकाना वाईट दिसतो. अशा वेळी ‘वाचन, क्रिकेट, प्रवास’ लिहायचं असतं. मीही तेच लिहिणार होते. पण माझ्या बोटांनी लिहिलं, ‘साप पकडणे’. मी ते वाचलं. अर्धवट वाटलं. म्हणून पुढे लिहिलं, ‘व ते घरी पाळणे’.

“वाचून दाखवू का, मावशी?” मी विचारलं. मनात म्हटलं, हो म्हणा. म्हणजे खोडता येईल.

“नको गं. तुझ्यावर इस्वास हाय.”

त्या पन्नास प्रती घेऊन गेल्या. जाताना मला त्यांनी पिशवीतून चार जांभळं दिली. ती मी खाऊ शकले नाही. फेकूही शकले नाही. दोन दिवस टेबलावर माझ्याकडे बघत बसली होती.

जुलैत लॅपटॉप पूर्ण मेला. बटण दाबलं की नुसता उसासा टाकायचा. मी जिना चढले तर चंदर फोनवर बोलत होता.

“हो, मीच चंदर... नाही हो, मी लॅपटॉप... कणगीत? किती लांबीची आहे?... नाही, मी येऊन काय करू?” त्याने फोन ठेवला. “सिन्नरकडचे कोणीतरी. धान्याच्या कणगीत धामण शिरलीय. मला बोलावतात.”

“तुम्हाला का बरं?” मी विचारलं. माझा आवाज इतका निष्पाप होता की मलाच माझा राग आला.

“काय माहीत. या आठवड्यातला चौथा फोन. परवा तर एका मुलीचे वडील जीप घेऊन न्यायला आले. आई खूश. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मला पुढच्या दाराने आत घेतलं, मागच्या दाराने बाहेर काढलं आणि थेट गोठ्यात नेलं. हातात काठी दिली.”

“मग?”

“मग मी गव्हाणीवर चढलो. दोन तास. शेवटी साप कंटाळून गेला.”

“आणि... मुलगी?”

“तिने चहा आणून दिला. वर. लांबून.”

एरवी मी हसून जिन्यावरून पडले असते. पण तो पुढे म्हणाला, “आई रडते हो. म्हणते, एवढे कागद वाटले, एक धड स्थळ येत नाही. माझ्या पोरात काय खोट आहे?” आणि तो माझ्याकडे बघत राहिला. उत्तर माझ्याकडे असल्यासारखा.

मी लॅपटॉप पुढे सरकवला. तेवढीच हिंमत झाली.

त्याने उघडून बघितलं. “आता ठरवावं लागेल. दुरुस्त करायचा तर मदरबोर्ड बदलावा लागेल. नवा घ्यायचा तर यातलं सगळं काढून नव्यात टाकून देतो. काहीही केलं तरी आतल्या फाइली उघडून बघाव्या लागतील.”

आतल्या फाइली. त्यातली एक त्याची.

“नको!” मी म्हणाले. “दुरुस्त पण नको, नवा पण नको. फेकून द्या.”

“आत दोनशे बायोडाटा आहेत ना?”

“त्या सगळ्यांची लग्नं झाली.”

“सगळ्यांची?”

“...होत आलीत.”

“ठेवून जा,” तो म्हणाला. “उद्या या.”

रात्रभर मला एकाच गोष्टीचा आधार होता. तेव्हा प्रत्येक टायपिंगवाल्याचा मराठी फॉन्ट वेगळा असायचा. माझा त्याच्याकडे नसणार आणि माझं मराठी त्याला नुसते ठिपके-रेघोट्या दिसणार. देवाकडे आजवर मी बरंच काही मागितलंय, पण फॉन्ट नसू दे हे पहिल्यांदाच मागितलं.

सकाळी गेले तर लॅपटॉप टेबलावर उताणा पडला होता.

“सगळं निघालं,” चंदर म्हणाला. “पण फॉन्ट नव्हता. काहीच वाचता येईना.”

मी श्वास सोडला.

“फाइलींची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत होती. त्यात एक माझंच.” त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. “आणि हा मला गोठ्यातच मिळालेला. मी नाही म्हणत होतो म्हणून मुलीच्या वडिलांनी पुरावा दाखवला. खालची ओळ वाचा.”

वाचायची गरज नव्हती. प्रत्येक बायोडाट्याच्या तळाशी बारीक अक्षरांत मी माझी जाहिरात टाकायचे. ‘अक्षरजुळणी : रोशनी, मालेगाव स्टँड, पंचवटी. सकाळी दहा ते सायंकाळी सात.’ गुन्हा करून त्याखाली नाव, पत्ता आणि भेटण्याची वेळ छापणारी मी पहिलीच असेन. पन्नास प्रतींत.

“काल सगळं सांगितलं ते यासाठीच,” तो म्हणाला. “वाटलं, तुम्ही स्वतःहून बोलाल.”

मला जमिनीत जायचं होतं. पण ते दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली शिलाई मशीनवाला.

“का लिहिलंत?”

“छंदाचा रकाना रिकामा होता.”

“तिथे वाचन लिहितात.”

“वाचन लिहिलं असतं तर...” मी उताण्या लॅपटॉपकडे बघत म्हणाले, “तुमचं लग्न ठरलं असतं.”

त्याच्या हातातला स्क्रू टेबलावर पडला, घरंगळत गेला आणि खाली पडला. दोघांनीही उचलला नाही. कान आधी लाल झाले, मग जांभळे.

“मग तोंडाने सांगायचं ना...” तो हळू म्हणाला.

“लाज वाटत होती.”

“आणि साप लिहायला नाही वाटली?”

मी तो कागद पुन्हा घडी करून त्याच्यापुढे सरकवला.

मला वाटलं, आता तो हसेल. तो हसला नाही. “माझं सोडा. मी गव्हाणीवर बसलो, उतरलो. आई तीन दिवस जेवली नाही. तिला सांगावं लागेल. तुम्हाला.”

“तुम्हीच सांगा ना... प्लीज.”

“अक्षरजुळणी कोणाची आहे?”

रविवारी आम्ही महामार्ग स्टँडवरून घोटीची एसटी धरली. बाहेर पाऊस बारीक पडत होता, काचेच्या फटीतून तो बरोबर माझ्याच खांद्यावर येत होता. चंदरने आपला रुमाल काढून फटीत कोंबला. राग आलेल्या माणसाने असं करू नये. समोरच्याला रडू येतं.

वाडीवऱ्हे गेल्यावर तो म्हणाला, “लॅपटॉपचं काय ठरवलंत?”

“नवा घेते.”

“घ्याच.” तो समोरच्या सीटच्या दांड्याकडे बघत होता. “तो पहिल्याच दिवशी मेला होता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“मग पाच महिने मी कशावर टाइप करत होते?”

“पंखा एका वकिलांच्या लॅपटॉपचा. कीबोर्ड भगूरच्या मास्तरांचा. स्क्रीन देवळालीच्या एका डेंटिस्टची. सगळी माणसं नवा घेऊन जुना मला देऊन गेलेली. त्यात तुमचं आता फक्त झाकण आणि हार्ड डिस्क आहे. म्हणून तर चालत नव्हता. त्या सगळ्यांचं एकमेकांशी पटायचं नाही.”

“म्हणजे दुरुस्त करता करता...”

“बदलूनच टाकला.”

“पण का?”

बस खड्ड्यातून गेली. आमचे खांदे आपटले आणि परत आपापल्या जागी गेले.

“नवा घेतला असता,” तो म्हणाला, “तर तुम्ही दोन-तीन वर्षं तरी जिना चढला नसता.”

मला एकदम इतकं बरं वाटलं की मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग लगेच वाईट वाटलं. खोटेपणा दोघांनीही केला होता. पण त्याच्या खोटेपणामुळे कोणी उपाशी राहिलं नव्हतं.

कुसाबाई खाचरात होत्या. आवणी चालू होती. गुडघाभर चिखलात वाकून त्या भाताची रोपं लावत होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“अगं, झेरॉक्सवाली पोर ना तू! ये ये. तिथं नको उभी राहू, निसरडं हाय. हिकडं ये.”

बांधावरची एकुलती एक कोरडी जागा त्यांनी मला दिली. तिथे उभी राहून मी सांगितलं.

“मावशी, त्या कागदावर मी तुम्ही सांगितलं नव्हतं ते लिहिलं. साप पकडायचं. म्हणून स्थळं आली नाहीत. तुमच्या मुलात काही खोट नाही. खोट माझ्यात आहे.”

कुसाबाईंनी खाचरातल्या पाण्यातच हात खळबळले. बराच वेळ.

“मी वाचून दावू नको म्हनलं व्हतं.”

“हो.”

“इस्वास हाय म्हनलं व्हतं.”

“हो...”

“मला लय लागलं हे, पोरी.”

मी मान खाली घातली. पायाखालची कोरडी जागा मला चिखलापेक्षा जड झाली होती.

“का लिवलं तसं?”

मी चंदरकडे पाहिलं. तो बांधाचा अभ्यास करत होता. बांधात अभ्यास करण्यासारखं काही नव्हतं.

“तुमचा मुलगा दुसऱ्या कोणाला मिळू नये म्हणून.”

कुसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग चंदरच्या कानांकडे. आईच त्या, त्यांना कान वाचता येत असणार.

“मंग सरळ मागायचा व्हता,” त्या म्हणाल्या. “बोकड बी इचारून नेत्यात लोक.” आणि त्यांनी रोपांची एक जुडी माझ्या अंगावर टाकली. “चपला काढ. हे खाचर आज व्हायला पायजे.”

“म्हणजे... तुम्ही माफ केलंत?”

“नाय. माफी मिळायची तवा मिळंल. दुपारी भाकर मिळंल.”

मी सलवार वर खोचली आणि उतरले. चिखल गार होता. पहिली चार रोपं माझ्याकडे बघत तरंगून वर आली, ती परत लावली. शेजारी पाणी हललं. चंदर पँट दुमडून बाजूच्या ओळीत उतरला होता. तासभर पाऊस पाठीवर पडत राहिला.

“रोशनी,” तो म्हणाला, “तुझी रांग वाकडी जातेय.”

पाच महिन्यांत त्याने मला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं होतं. मी वर पाहिलं नाही. आवणीत ही एक सोय असते, दिवसभर मान खाली ठेवली तरी कोणी कारण विचारत नाही.

“कुणीकडे जातेय?”

तो थांबला. हातातलं रोप त्याने दोनदा लावलं, एकाच जागी.

“माझ्याकडे...”

“मग जाऊ दे,” मी म्हणाले.