दुरुस्त आवाज

सकाळी निघताना सुखदेव ढवसांचा घसा पार बसला होता. प्राचीने डब्यासोबत ज्येष्ठमधाची काडी दिली. “मॅडमच्या हातचं औषध हाये, लागू पडणारच,” ते म्हणाले खरे, पण आवाज निघालाच नाही, नुसती हवा निघाली.

मारडोहच्या कोळसा खाणीत बाप खाली एका बोगद्याचा प्रमुख आणि लेक वर नेटवर्क कक्षात, म्हणून हे ‘मॅडम’. खाली प्रत्येक बोगद्यात फोनवरचं बोलणं पुढे पाठवणारा एक छोटा स्विच होता. त्या सगळ्यांचे निरोप मधल्या वितरण स्विचकडे येत. कोणता निरोप आधी वर पाठवायचा, एक तार तुटली तर दुसऱ्या कोणत्या वाटेने न्यायचा, हे तो ठरवी. यंदा बसवलेल्या स्विचला आणखी एक काम येत होतं. यंत्रांच्या खडखडाटात तुटलेलं बोलणं तो दुरुस्त करून वर देई, त्या त्या माणसाच्या नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या शब्दांत. तेव्हापासून अर्धवट ऐकून उगाच होणारी धावपळ थांबली होती. सगळेच खूश होते, प्राचीसुद्धा.

दुपारी बाबांचा फोन आला. “सगळं बरोबर हाये, मॅडम.” रोजचंच वाक्य, आवाज खणखणीत.

“अरे वा, सुटला की घसा! छान झालं, बाबा!” ती हसून म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं.

लगेच पुन्हा फोन. पुन्हा तेच वाक्य.

“कळलं हो बाबा! डबा खाल्ला का?”

“सगळं बरोबर हाये, मॅडम.”

डब्याचा विषय निघाला आणि बाबांनी भाजीला नावं ठेवली नाहीत, असं कधी झालं नव्हतं. प्राचीने स्विचची दुरुस्ती बंद केली. कानात फक्त पाण्याचा आवाज येत होता.

तिने भोंगा वाजवला. सगळ्यात खालच्या थरातली माणसं धडपडत वर आली. बाबा आले नाहीत.

पुढे स्विचमध्ये साठलेलं मूळ बोलणं बाहेर काढलं, तेव्हा कळलं की तार तुटलीच नव्हती. बाबांचा बसलेला घसा स्विचच्या ओळखीचा नव्हता. तो बिघाड समजून स्विचने इमानेइतबारे दुरुस्त केला होता. राग धरावा तर कोणावर?

“ऐकू नका, प्राचीताई,” इंजिनिअर कुळमेथे म्हणाले. तिने ऐकलं.

“बाई, जुन्या बोगद्यातून पानी घुसून राहिलं. खालच्या पोरायले वर काढ.” मग पुन्हा, घोगरं, तुटकं, “ऐकू येते का वं, बाई?”

बाबांच्या सोबतचे लोक केव्हाच निघाले होते, पण त्यांना वर पोचायला वेळ होता. भोंगा वाजत नाही, खालच्यांना कोणी बोलावत नाही, हे पाहून बाबा एकटे फोनपाशी थांबले होते.

“आणि माझं बोलणं?” प्राचीने विचारलं. “तेही खाली जाताना बदललं का?”

“नाही,” कुळमेथे म्हणाले. “तुमचा आवाज स्वच्छ होता. तो जसाच्या तसा गेला.”

म्हणजे पाणी चढत असताना बाबांनी तिचं हसणं ऐकलं होतं. छान झालं, बाबा. आपली पोर असं का बोलते आहे, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं असेल का?